जीप पुरी होऊ नये म्हणून

जीपचं काम संपत आलं की रेणुकादास सरांना घाम फुटायचा. जीप सरांची स्वतःची, दुसऱ्या महायुद्धातली, अस्सल फौजी, स्टेअरिंग डाव्या बाजूला असलेली. ती दुरुस्त करणारा माणूसच ती पुरी होऊ नये म्हणून देव पाण्यात घालून बसलाय, असं कुणी लातुरात सांगितलं असतं तर लोकांनी त्यालाच वेड्यात काढलं असतं. पण खरं तेच होतं, आणि त्याचं कारण होतं घराचा स्लॅब.

हे कारण सर कुणाला सांगत नसत. सगळी हयात भौतिकशास्त्र शिकवण्यात घालवलेल्या माणसानं आपल्याच घराच्या छताला भ्यावं, ही काही चारचौघांत बोलण्याची गोष्ट नव्हे. भूकंप झाला त्या पहाटे सगळं लातूर अंगावरच्या कपड्यांनिशी रस्त्यावर आलं होतं. पुढं कितीतरी दिवस गल्लीनं मैदानात पथाऱ्या टाकल्या. मग थंडी पडली आणि एकेक जण मुकाट आपापल्या घरात शिरला. सर शिरले नाहीत. घराच्या मागं जीपसाठी पत्र्याची शेड होती. तिथं बाज टाकून त्यांनी जाहीर केलं, की जीपचं काम आता नेटानं करायचंय, पार्ट उघडे पडलेले असतात, राखणीला कुणीतरी लागतंच. या गोष्टीला सहा-सात वर्षं होऊन गेली. राखण अजून चालूच होती.

दगडामातीची माळवदं माणसांच्या अंगावर आली, सळयांचा स्लॅब तसा येत नसतो, हे सरांनीच भूकंपानंतर फळ्यावर आकृती काढून वर्गाला शिकवलं होतं. पोरांना ते पटलं. सरांनाही दिवसाउजेडी पटायचं. जेवायला, आंघोळीला, टीव्हीवरच्या बातम्या बघायला ते खुशाल घरात जात. पण आडवं होऊन डोळे मिटायचे म्हटलं की वरचं छत हातभर खाली उतरल्यासारखं वाटे, आणि सर पांघरूण काखेत मारून शेडची वाट धरत. पत्रा पडला तर टेंगूळ येईल, फार तर चार टाके पडतील, असा त्यांचा हिशोब होता.

कुसुमताई, म्हणजे सरांच्या सौभाग्यवती, जिल्हा परिषदेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेल्या. आवाज न चढवता समोरच्याला वठणीवर आणायची कला त्यांना नोकरीनं शिकवली होती. मुलगी मुग्धा लग्न होऊन पुण्याला गेल्यापासून घरात त्या एकट्या झोपत, आणि शेडमध्ये सर. याबद्दल त्या चकार शब्द काढत नसत. त्यांचं म्हणणं फक्त शेडबद्दल होतं.

कारण लातुरात तेव्हा क्लासेसचा नुसता पूर आला होता. बोर्डाच्या निकालात इथली पोरं चमकायला लागली आणि जिल्ह्याजिल्ह्यांतून आईबाप पोरांना घेऊन एसटीतून उतरायला लागले. मग गल्लीत ज्याला जिथं जागा दिसेल तिथं त्यानं खोली काढली. कुणी जिन्याखाली काढली, कुणी गच्चीवर टाकीशेजारी काढली, एकानं तर म्हैस विकून गोठ्याला फरशी घातली.

"गोठ्यात राहून पोरी डॉक्टर होऊन राहिल्यात," कुसुमताई भाकरी थापता थापता म्हणायच्या, "आणि आपल्या शेडमध्ये कोण? तर एक मोटार निजून राहिलीय. तीही आजारी."

"होईल गं बरी. थोडंच राहिलंय काम."

"काय राहिलंय?"

मग सर काहीतरी राहिलेलं शोधून काढत. या बाबतीत त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता.

तसं बघितलं तर जीपवर त्यांचा खराच जीव होता. तळाचा पत्रा गंजून चाळणी झालेला, तो त्यांनी कापून नवा बसवून घेतला. समोरच्या नऊ फटींच्या जाळीतली वाकलेली पट्टी स्वतः ठोकून सरळ केली. पुढचे दोन्ही दिवे जाळीच्या आत बिजागरीवर बसवलेले, मागं उलटवले की त्यांचा उजेड इंजिनावर पडायचा. ही करामत ते येणाऱ्या-जाणाऱ्याला हौसेनं दाखवत आणि समोरचा तोंडात बोट घाली. पण काम पुरं व्हायची वेळ आली की सरांमधला परीक्षक जागा होई.

त्याचा सगळा जाच व्हायचा सिद्धरामला. सिद्धरामचं औसा रोडला पत्रा ठोकायचं आणि रंग मारायचं गॅरेज. सरांचा जुना विद्यार्थी, भौतिकशास्त्रात दोनदा नापास, पण त्याचा राग मनात न ठेवलेला. त्यानं पहिल्यांदा जीपला हिरवा रंग मारला तेव्हा सर म्हणाले, हा पोपटी झाला. पुन्हा मारला, तर तो मेंदीचा निघाला. तिसऱ्या वेळी रंग बरोबर आला, पण सिद्धरामनं आपल्या मनानं वर पॉलिश मारून जीप अशी चमकवली की समोर उभं राहून भांग पाडावा. सरांना आयतंच सापडलं.

"अरे, ही युद्धातली गाडी. चमकली तर वरून विमानाला दिसेल ना!"

"कुणाचं विमान येऊन राहिलंय सर, आपल्या गल्लीवर?"

"तत्त्वाचा प्रश्न आहे. घास सगळं."

सिद्धरामनं सगळं घासलं. मग मागचे दिवे वाकडे निघाले. मग बॉनेटवरचा पांढरा तारा अर्धा बोट उजवीकडे निघाला. मग चमक काढलेला रंग फारच मळकट निघाला. शेवटी सिद्धरामनं हात टेकले आणि कुसुमताईंच्या ओट्यावर येऊन बसला.

"वैनी, नवरीच्या अंगाला जेवढी हळद लागत न्हाई तेवढा रंग लागला या गाडीला. लोकं इचारायलेत, सिद्धराम, तुला काम येतंय का न्हाई? माझ्या गिऱ्हाइकाला काय तोंड दाखवू?"

कुसुमताईंनी त्याला चहा दिला आणि शांतपणे ऐकून घेतलं. शांतपणे ऐकून घेतलेल्या गोष्टी त्या कधी विसरत नसत, हे सरांच्या त्या वेळी ध्यानात यायला हवं होतं.

तो गणपतीचा महिना. गल्लीतली आरती झाली, खिरापत वाटली, आणि सगळे जमलेले बघून कुसुमताईंनी गोड आवाजात विषय काढला. "सरांना सगळ्यांनी विचारा बरं, जीप कधी होणार ते. माझं काही ऐकत नाहीत."

सगळी गल्ली सरांकडे बघायला लागली. शिवाय सिद्धराम कोपऱ्यात दात काढून उभा. रंग झालेला, पत्रा झालेला, पुढचे दिवे लागत होते, मागचे लागत होते. सरांना एकदम पुस्तकातल्या एका दिव्याची आठवण झाली.

"एकच वस्तू राहिलीय," ते वर्गात बोलावं तसं बोलले. "डाव्या मडगार्डवरचा ब्लॅकआऊटचा दिवा. वर टोपी असते त्याला, आणि खाली एक बारीक फट. उजेड फक्त चाकापुढच्या रस्त्यावर पडतो, वरून दिसत नाही. तो अस्सलच पाहिजे. अख्ख्या हिंदुस्थानात मिळत नाही. ज्या दिवशी तो दिवा येईल, त्या दिवशी जीप पुरी. त्याच दिवशी शेड रिकामी, आणि माझी बाज घरात. गणपतीसमोर शब्द देतो."

गल्लीनं टाळ्या वाजवल्या. सर खुश झाले. जी वस्तू मिळणारच नाही तिच्यावर शब्द द्यायला त्यांचं काय जात होतं! आपण बायकोच्या तोंडाला कायमचं कुलूप लावलं, या आनंदात त्या दिवशी त्यांनी दोन मोदक जास्त खाल्ले.

पंधरवडाही झाला नसेल, तोवर अर्धापूरहून अण्णाराव आले. डोक्यावर टोपी, खांद्यावर केळीचा घड, मागं त्यांची मुलगी उज्वला. ती अकरावीला, एका होस्टेलात राहत होती, आणि तिथं एका खोलीत इतक्या पोरी कोंबल्या होत्या की कूस बदलायची तर आधी सगळ्यांना सांगावं लागे. अण्णारावांना तिच्यासाठी घरगुती जागा हवी होती. गल्लीभर हिंडून ते शेवटी कुसुमताईंच्या दारात आले.

"खोली होणार आहे," कुसुमताई म्हणाल्या. "पण आमच्या सरांचा एक दिवा यायचा राहिलाय."

हे ऐकून अण्णाराव गोंधळले. त्यांना शेडमध्ये नेऊन जीप दाखवावी लागली. ते जीपभोवती हिंडले, पत्र्यावर टिचक्या मारल्या, मडगार्डवरच्या दिव्याच्या रिकाम्या भोकात बोट घातलं. सरांनी कौतुकानं त्यांना इंग्रजी पुस्तकातलं दिव्याचं चित्रही दाखवलं. तेवढं त्यांनी करायला नको होतं.

"ह्यो?" अण्णाराव म्हणाले. "ह्यो तर आमच्या मोटारीच्या कोठ्यावर हाय की! ईरीवरल्या."

सरांच्या तोंडचं पाणी पळालं. "छे! तो दुसरा असेल. स्कूटरचा असेल एखादा."

"स्कूटरचा कामून आसंल? निजामावरल्या पोलीस ॲक्शनमधी मिलिट्रीच्या गाड्या आमच्या ईरीवर पाण्याला थांबल्या व्हत्या. एक गाडी बाभळीला धडकली, दिवा गळून पडला. आमच्या आज्यानं उचलून ठिवला. आता स्टार्टरवर लावलाय. टोपी हाय ना त्याला, पावसाचं पाणी आत जात न्हाई."

कुसुमताई अण्णारावांना पोचवायला फाटकापर्यंत गेल्या आणि तिथं बराच वेळ बोलत उभ्या राहिल्या. खोलीचं बोलत असतील, असं सरांनी स्वतःला समजावलं. पण त्यांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. रात्रभर बाज कुरकुरत राहिली, आणि सकाळी उठून त्यांनी जाहीर केलं, की मी स्वतः अर्धापूरला जाऊन दिवा पारखून येतो. उगीच नकली वस्तू गळ्यात पडायला नको.

"जा ना," कुसुमताई म्हणाल्या आणि दशम्या बांधून दिल्या. इतक्या लवकर परवानगी मिळाली की सरांना चपला घालताना क्षणभर शंका आली. पण एसटी सुटायची वेळ झाली होती.

नांदेडला गाडी बदलून ते अर्धापूरला उतरले. केळीच्या बागेतून पाटाच्या कडेकडेनं अण्णाराव त्यांना विहिरीवर घेऊन गेले. मोटारीच्या कोठ्यावर, म्हणजे पाण्याच्या पंपाच्या खोलीच्या भिंतीवर, स्टार्टरच्या डोक्यावर तो दिवा होता. सर उपड्या घमेल्यावर चढले, चष्मा पुसला, आणि बघतच राहिले. तीच टोपी, तीच बारीक फट, काच शाबूत, मागं कंपनीचा शिक्का. ज्या वस्तूचं नुसतं नाव घेऊन त्यांनी बायकोला आणि गल्लीला झुलवलं, ती समोर होती आणि ती त्यांना खरोखर हवीशी वाटली. हात आपोआप पुढं गेला. डाव्या मडगार्डवर ती कशी शोभेल हे त्यांना स्पष्ट दिसलं. त्यापाठोपाठ घराचा स्लॅबही दिसला.

"नाही हो, अण्णाराव," सर घमेल्यावरून उतरत म्हणाले. "हा तो नव्हे. हा ट्रकचा."

सरांना वाटलं होतं, अण्णाराव वाद घालतील. पण ते म्हणाले, "बरं. ऱ्हाऊ द्या मंग. चला, जेवून घ्या." त्यांनी पिठलं-भाकरी आणि ठेचा असा काही खाऊ घातला की सरांना आपल्या खोटेपणाची लाज वाटायला लागली. भला माणूस, आणि आपण त्याच्या आज्याच्या दिव्याला ट्रकचा म्हणालो! बसमध्ये बसवून देताना अण्णारावांनी सुतळीनं घट्ट बांधलेलं एक खोकं त्यांच्या मांडीवर ठेवलं.

"केळी हायेत. ताईंच्याच हातात द्या. अन् वाटंत उघडू नका, सर. वारं लागलं का काळी पडत्यात."

केळी वाऱ्यानं काळी पडतात की कशानं, हा प्रश्न रसायनशास्त्राचा होता, त्यामुळे सरांनी तो मनावर घेतला नाही. खोकं चांगलंच जड होतं. अर्धापूरच्या पाण्याची करामत, असं म्हणत सर ते लातूरपर्यंत मांडीवर सांभाळत आले. कंडक्टरनं दोनदा टपावर टाकायला सांगितलं तर त्याच्याशी भांडले. खड्डा आला की खोक्याला धक्का लागू नये म्हणून स्वतः अर्धवट उभे राहिले. घरी येऊन त्यांनी ते कुसुमताईंच्या हातात दिलं.

"काय म्हणतोय दिवा?" कुसुमताईंनी विचारलं.

"नव्हता तो. ट्रकचा निघाला."

"अरेरे," कुसुमताई म्हणाल्या. "दमला असाल. हात-पाय धुऊन घ्या." आणि खोकं घेऊन आत गेल्या. संध्याकाळी दोन केळी सरांच्या ताटात आली. सरांना त्या दिवशी गाढ झोप लागली.

खंडेनवमीला कुसुमताईंनी त्यांना सकाळीच गंजगोलाईच्या बाजारात पिटाळलं. झेंडू आणा, आंब्याचे डहाळे आणा, नारळ आणा, लिंबं आणा, आपट्याची पानं बघून घ्या, नाहीतर कांचनाची गळ्यात मारतात. गंजगोलाईत त्या दिवशी मुंगीला शिरायला जागा नव्हती. सर भाव करत, धक्के खात, पिशव्या सांभाळत परत आले तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं आणि त्यांच्या अंगणात अर्धी गल्ली जमली होती.

जीप शेडच्या तोंडाशी उभी होती. डाव्या मडगार्डवर दिवा होता.

सरांच्या हातातली पिशवी गळून पडली आणि लिंबं अंगणभर पळाली. सिद्धराम दिव्याशेजारी हाताची घडी घालून उभा होता. नवा शर्ट घातला होता पठ्ठ्यानं. दिव्याला त्यानं जीपचाच हिरवा रंग दिला होता, आणि या वेळी रंग असा जुळला होता की नाव ठेवायला जागा नव्हती.

"हा... हा कुठून आला?"

"तुम्हीच तर आणलात," कुसुमताई म्हणाल्या. "मांडीवर घेऊन. वर केळी होती."

गल्ली फिसकन हसली. आपण खड्ड्याखड्ड्याला उठून कुणाला सांभाळलं, ते सरांच्या डोक्यात आता शिरलं. बसमधला तो कंडक्टर आठवून तर त्यांना स्वतःलाच हसू येणार होतं. पण हसायची ती वेळ नव्हती. त्यांनी दिव्यावर झडप घातली.

"वाकडा बसलाय. आधी काढावा लागेल. स्क्रू ड्रायव्हर कुठंय माझा?"

"तिथं आहे," कुसुमताईंनी बोट दाखवलं.

तुळशीसमोर पाट मांडला होता. त्यावर सरांचे सगळे पाने, पकडी, हातोड्या, स्क्रू ड्रायव्हर, कानस, अगदी पॉलिश पेपरचा तुकडासुद्धा, धुऊन पुसून ओळीनं ठेवलेले. प्रत्येकावर हळदीकुंकू, वर अक्षता आणि झेंडूचं एकेक फूल. उदबत्तीचा धूर चालला होता.

"पूजा झालीय," कुसुमताई म्हणाल्या. "दसऱ्याची उत्तरपूजा होईपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही. तुमच्या आईंनीच शिकवलंय मला."

सर पाटाकडे बघत राहिले. सासूचं नाव घेऊन बायकोनं सासूच्याच मुलाला असं पाणी पाजावं! त्यांनी खिशातून नाणं काढलं आणि ते स्क्रूच्या खाचेत घालायचा प्रयत्न केला. नाणं जाड होतं. नखानं बघितलं, तर नख मोडलं.

"सर," सिद्धराम हळूच म्हणाला, "आज ऱ्हाऊ द्या. देवाचा दिवस हाय."

सरांना शेवटची आशा होती वायरिंगची. जुना दिवा, इतकी वर्षं विहिरीवरच्या ओलीत लटकलेला, लागणार नाही. पण सिद्धरामनं डॅशबोर्डवरची दांडी ओढली. मागचे दोन बारीक दिवे लागले, पुढच्या जाळीतले दोन लुकलुकले, आणि नव्या दिव्याच्या फटीतून चाकापुढं उजेडाचा फिकट पट्टा पडला. शेडमधल्या अंधुक उजेडात तो बरोबर दिसत होता. वर कुठं म्हणजे कुठं उजेड नाही. पुस्तकात लिहिलेलं तसंच, तंतोतंत.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सरांनीही वाजवल्या, आणि मग आपण वाजवतोय हे बघून थांबवल्या.

नारळ फुटला, चाकाखाली लिंबं ठेवली, झेंडूची माळ जाळीवर चढली. सर स्टेअरिंगवर बसले. जीप एकदा खोकली, दोनदा खोकली आणि धडधडत शेडबाहेर निघाली. गल्लीला वळसा घालताना पोरंसोरं मागं धावली, दालमिलचे हमाल हातातलं काम टाकून बघत उभे राहिले, आणि त्या एवढ्या वळशापुरते रेणुकादास सर सगळं विसरले. ते इतके हसत होते की समोरून येणाऱ्या रिक्षावाल्यानं त्यांना सलाम ठोकला. मग जीप घरासमोरच्या कडुलिंबाखाली उभी राहिली, इंजिन बंद झालं, आणि सिद्धराम दोघांच्या मदतीनं शेडमधली बाज उचलून घरात नेताना त्यांना दिसला.

दुपारी जेवण झालं. कुसुमताई म्हणाल्या, "पडा जरा." गणपतीसमोर दिलेला शब्द होता. सर आतल्या खोलीत जाऊन बाजेवर पडले.

पंखा फिरत होता. पंख्याच्या वर स्लॅब होता. स्लॅबच्या एका कोपऱ्यात केसाएवढी बारीक चीर होती, गिलाव्याची, निरुपद्रवी, हे त्यांना उत्तम माहीत होतं. त्यांनी डोळे मिटले तर चीर मिटलेल्या डोळ्यांना दिसायला लागली. त्यांनी सळयांचा ताण आठवला, सिमेंटचा दाब आठवला, फळ्यावरची आकृती आठवली. त्याचा काही उपयोग झाला नाही. बनियन घामानं भिजलं, आणि ती पहाट जशीच्या तशी आठवली. भांडी मांडणीवरून पडत होती, मुग्धा किंचाळत होती, आणि दाराची कडी काही केल्या निघत नव्हती. सर उठले. उशी काखेत घेऊन चोरासारखे मागच्या दाराकडं निघाले.

मागच्या दाराआड एक वळकटी उभी करून ठेवलेली होती. वळकटीत कुसुमताईंची चादर होती. शेजारी खुंटीला पिशवी, पिशवीत टॉर्च, पाण्याची बाटली, सरांच्या रक्तदाबाच्या गोळ्या. खाली चपलांचे दोन जोड, दाराकडं तोंड करून ठेवलेले. एक कुसुमताईंचा, एक सरांचा जुना. सरांना काही कळेना. कुसुमताईंचा पलंग तर आतल्या खोलीत होता. ते मागं फिरले आणि पलंगाजवळ जाऊन त्यांनी गादीवर हात फिरवला. पलंगपोसाच्या घड्या पडून कडक झाल्या होत्या. त्या पलंगावर कित्येक वर्षांत कुणी झोपलं नव्हतं.

"ही वळकटी कुणाची?" स्वयंपाकघराच्या दारात येऊन त्यांनी विचारलं.

कुसुमताई पुरण वाटत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "माझी."

"तू दारात झोपतेस?"

"उंबऱ्याशी. तुम्हाला झोप लागली की दार उघडं टाकून."

"का?"

"का म्हणजे?" त्यांचा हात थांबला. "मला काय भीती वाटत नाही? त्या पहाटे मी काय दुसऱ्या गावात होते?"

सर उशी धरून उभे राहिले. इतकी वर्षं बायको स्लॅबखाली खुशाल झोपते, म्हणून त्यांना तिचा हेवा वाटत आला होता. कधी कधी थोडा रागही.

"मग शेडमध्ये का नाही आलीस?"

"बोलावलंत का कधी? तुम्ही म्हणालात, जीपची राखण आहे. राखणीला दोन माणसं कशाला लागतात?" कुसुमताईंनी वाटलेलं पुरण बाजूला सारलं. "भीती वाटते असं एकदा म्हणाला असतात, तर त्याच दिवशी उशी घेऊन आले असते. मी वाट बघत होते. म्हटलं आज म्हणतील, उद्या म्हणतील. तर तुम्ही दर वर्षी नवा हिरवा रंग काढायचात."

"तुला ठाऊक होतं?"

"सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. सिद्धरामला तर पहिल्या रंगालाच कळलं होतं."

सर पाटावर बसले. बोलायचं ते अगदी सोपं होतं, आणि तेच त्यांच्या तोंडातून निघत नव्हतं. पुरणाचा वास सुटला होता. शेवटी ते म्हणाले, "मला लई भीती वाटते, कुसुम." घरात ते कधी 'लई' म्हणत नसत. आज निघालं.

"मलापण," कुसुमताई म्हणाल्या आणि पदराला डोळे पुसून पुन्हा पुरण वाटायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, अण्णाराव उज्वलाची ट्रंक घेऊन हजर झाले. ते थेट शेडकडं निघाले, तर कुसुमताईंनी त्यांना घरात नेलं. आतली मोठी खोली, पंखा, खिडकी, सगळं दाखवलं. अण्णाराव बघतच राहिले.

"ताई, ही तर तुमचीच खोली हाय. मंग तुमी कुठं ऱ्हाणार?"

"मागं शेडमध्ये. त्याचं काय आहे, जीपवर जरा..." कुसुमताईंनी सवयीनं सरांची बाजू सावरायला घेतली.

"जीपचं काही नाही, अण्णाराव," सर मध्येच म्हणाले. "आम्हाला दोघांना स्लॅबखाली झोप येत नाही. भूकंपापासून. भीती वाटते."

अण्णारावांनी वर छताकडं बघितलं, मग सरांकडं. "अन् माझ्या पोरीला त्याच्याखाली ठिवून राहिलात व्हय?"

झालं! सरांनी ताबडतोब पेन काढलं आणि हाताला लागलेल्या पंचांगाच्या मागच्या पानावर स्लॅबची आकृती काढली. सळया कुठं असतात, ताण कुठं येतो, माळवद का पडतं आणि स्लॅब का पडत नाही, हे त्यांनी इतक्या जीव तोडून सांगितलं की अण्णाराव माना डोलवायला लागले. "काही होत नाही याला. मी खात्री देतो. घाबरायचं काही कारणच नाही," सर म्हणाले, आणि बाजेचं एक टोक उचलून अण्णारावांना दुसरं धरायला लावलं.

बाज पुन्हा शेडमध्ये गेली. तिच्याशेजारी पलंगही गेला. जीप नसल्यामुळे ऐसपैस जागा होती. उज्वला आतल्या खोलीत पुस्तकं लावत होती. सरांनी दारातून विचारलं, "भीती नाही ना वाटत?" तर ती म्हणाली, "स्लॅबची न्हाई सर, फिजिक्सची वाटते." सरांचा चेहरा एकदम खुलला.

पुरणपोळीचं जेवण झालं आणि कुसुमताई "जरा पाठ टेकते" म्हणून पत्र्याखाली पलंगावर पडल्या. उशीला डोकं लागायचा अवकाश, त्या घोरायला लागल्या. चांगल्या मोठ्यानं, हातपाय पसरून, तोंड उघडं टाकून. सर बाजेवर बसून बघत राहिले. आपली बायको घोरते हे ते विसरूनच गेले होते. तिन्हीसांज झाली, तरी ती हलली नाही. इतक्या वर्षांची झोप एका दुपारीत कुठं पुरी होणार! सरांना वाईट वाटत होतं आणि त्याहून जास्त बरं वाटत होतं.

मग सीमोल्लंघन करून गल्लीतली माणसं आपट्याची पानं घेऊन येऊ लागली. सगळ्यांच्या पुढं सिद्धराम. "सोनं घ्या, सर..." तो मोठ्यानं म्हणायला गेला, तेवढ्यात सरांनी ओठांवर बोट ठेवलं आणि पलंगाकडं खूण केली. सिद्धरामनं बघितलं, जीभ चावली, आणि पानं हळूच सरांच्या हातात ठेवून पाया पडला. मागच्यांना त्यानं खुणेनंच सांगितलं. त्या वर्षी सगळ्या गल्लीनं रेणुकादास सरांना सोनं दिलं, ते चपला बाहेर काढून, एकही शब्द न बोलता.